स्केटिंगला जाताना आधी बर्फ बघा, मागचा देखावा नंतर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मोठ्या शहरांत आईस स्केटिंग कुठे करता येतं यावर लेख आला होता, तो वाचला. फोटो सुंदर होते आणि विषय घेतल्याबद्दल खरंच आभार, कारण मराठी पेपरात या खेळाबद्दल फारच कमी येतं. पण लेखातल्या सगळ्या जागा त्याच, फोटोत नेहमी दिसणाऱ्या, मागे झगमगतं ख्रिसमस ट्री नाहीतर एखादा राजवाडा आणि मधे छोटंसं रिंक, म्हणजे स्केटिंगसाठीचं बर्फाचं मैदान. ज्याला खरोखर स्केटिंग करायचंय त्याला त्या जागेबद्दल वेगळीच माहिती हवी असते आणि ती लेखात कुठेच नव्हती, म्हणून हे पत्र लिहितोय.

न्यूयॉर्कचं रॉकफेलर सेंटर घ्या. १९३६ च्या नाताळच्या दिवशी ते रिंक सुरू झालं, तेव्हा ते तात्पुरतंच ठेवायचं होतं आणि आज ते जगातलं बहुतेक सगळ्यात प्रसिद्ध रिंक आहे. पण आहे केवढं? साधारण ३७ मीटर लांब आणि १८ मीटर रुंद. आंतरराष्ट्रीय मापाचं रिंक ६० बाय ३० मीटरचं असतं, म्हणजे हे त्याच्या निम्मंसुद्धा नाही. चार पावलं घसरलात की वळण आलंच, पुढे कोणीतरी पडलेलं, मागून कोणीतरी येतंय, आणि वरून कठड्याला रेलून शेकडो लोक बघतायत. पहिल्यांदाच बर्फावर पाय ठेवणाऱ्या माणसाला याच्याइतकी अवघड जागा नसेल. त्याच शहरात सेंट्रल पार्कमधलं वोलमन रिंक कितीतरी मोठं आहे, उघड्या आभाळाखाली, आजूबाजूला झाडं आणि त्यामागे उंच इमारती. ब्रायंट पार्कला तर स्वतःचे स्केट्स (खाली ब्लेड लावलेले बूट) घेऊन गेलात तर प्रवेश फुकट असतो, फक्त वेळ आधी बुक करावी लागते. हे वाचकाला कोणी सांगितलं तर तो आपोआप नीट निवड करेल ना.

टोरंटोचं उदाहरण तर मला सगळ्यात जवळचं वाटतं. सिटी हॉलसमोर नेथन फिलिप्स स्क्वेअर आहे, तिथलं पाण्याचं तळं हिवाळ्यात गोठवून रिंक करतात, ते सगळ्यांना माहीत असतं. पण त्या शहराच्या महापालिकेची अशी पन्नासपेक्षा जास्त उघडी रिंक्स आहेत, वस्त्यावस्त्यांमधल्या बागांत, आणि तिथे मोकळं स्केटिंग फुकट! शाळा सुटल्यावर पोरं येतात, संध्याकाळी आईवडील येतात, आजोबासुद्धा येतात. खेळ शहरात रुजतो तो अशा ठिकाणी. पर्यटकालाही तिथे कोणी अडवत नाही, पण त्याला पत्ताच नसतो कारण आपण सगळे फक्त सिटी हॉलसमोरचा फोटो छापतो.

देखावा आणि बर्फ दोन्ही हवं असेल तर बुडापेस्ट. तिथल्या सिटी पार्कमधलं रिंक १८७० पासून चालू आहे, उन्हाळ्यात तिथे होड्या चालतात आणि हिवाळ्यात किल्ल्यासारख्या वास्तूसमोर तळंभर बर्फ पसरलेला असतो, इतका मोठा की सरळ लांब घसरत जाता येतं. व्हिएन्नामध्ये दरवर्षी जानेवारीत टाऊन हॉलसमोर बर्फाच्या वाटा तयार करतात आणि त्या शेजारच्या बागेतून फिरवतात. लंडनला समरसेट हाऊसच्या अंगणातलं रिंक देखणं आहे यात वादच नाही पण ते हिवाळ्यापुरतंच, बारा महिने सराव करायचा तर टेकडीवरच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधलं इनडोअर रिंक गाठावं. आणि यंत्राने गोठवलेलं जगातलं पहिलं रिंक लंडनमध्येच, चेल्सी भागात, १८७६ साली जॉन गॅमजी यांनी सुरू केलं होतं, हे लेखात आलं असतं तर किती मजा आली असती.

थंडी नसलेल्या शहरांबद्दल लेखात एक ओळही नाही याचं खास वाईट वाटलं. दुबई मॉलमध्ये ऑलिंपिक मापाचं रिंक आहे, हाँगकाँगच्या मॉलमध्येही वर्षानुवर्षं लोक स्केटिंग शिकतायत. बाहेर चाळीस डिग्री असो की उणे दहा, इनडोअर रिंकच्या बर्फाला फरक पडत नाही. खाली काँक्रीटमध्ये पाइप असतात, त्यातून अतिथंड मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल नावाचं सहज न गोठणारं द्रव्य फिरत राहतं, वर पातळ थर देत देत जेमतेम तीन-चार सेंटिमीटर बर्फ जमवतात. फिगर स्केटिंगवाल्यांना, म्हणजे बर्फावर उड्या-गिरक्या घेणाऱ्यांना, तो जरा मऊ लागतो, उणे तीन-चार डिग्रीचा, म्हणजे ब्लेड नीट पकड घेते, आणि आईस हॉकीवाल्यांना त्याहून थंड आणि कडक लागतो. म्हणून तुमच्या पायाखालचा बर्फ कसा आहे हे ते रिंक मुख्यतः कोणासाठी चालवतात यावरही अवलंबून असतं.

आता खरी गोष्ट. जाण्याआधी एक फोन करायचा किंवा वेबसाइट बघायची आणि विचारायचं की पब्लिक सेशन, म्हणजे सगळ्यांसाठी खुली वेळ, कधी असतं आणि झांबोनी कधी फिरते. झांबोनी म्हणजे ते बर्फ साफ करणारं मोठं यंत्र, कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये ते तयार केलं, त्यांचं स्वतःचं रिंक होतं आणि आधी बर्फ सारखा करायला बरीच माणसं आणि बराच वेळ लागायचा. ते यंत्र वरचा खरवडलेला थर तासून काढतं आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडत जातं, गरम पाणी अशासाठी की त्यात हवा कमी असते आणि खालचा बर्फ किंचित वितळून नवा थर पक्का धरतो. ते फिरून गेल्यानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटं सोन्यासारखी! ब्लेड आवाजसुद्धा करत नाही. सेशनच्या शेवटी त्याच बर्फावर चरे पडलेले असतात, भुगा साठलेला असतो, नवशिक्याचा पाय तिथेच अडकतो आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. शनिवार-रविवार दुपार टाळून आठवड्यातली सकाळ किंवा रात्रीचं शेवटचं सेशन घ्यावं, गर्दी निम्म्यावर येते.

दुसरं विचारायचं ते बर्फ खरा आहे ना. हल्ली बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकच्या लाद्या जोडून रिंक करतात आणि जाहिरातीत फक्त आईस स्केटिंग लिहितात. त्यावर घसरता येतं, नाही असं नाही, पण घर्षण जास्त, ब्लेड लवकर बोथट होते आणि एका ढकलीत जी लांब घसरण मिळते ती मिळत नाही. लहान मुलाला तोल शिकवायला चालेल. पण पैसे भरून गेलेल्या माणसाला आधी सांगायला हवं आणि पेपरने तर नक्कीच छापायला हवं.

भाड्याच्या स्केट्सबद्दल एवढंच की घोट्याशी लेस घट्ट बांधा, पाय आत हलला की तोल गेलाच. कुठल्याही रिंकवर गेलात तरी हातमोजे घाला, पडताना बोटं मुठीत घ्या, गुडघे वाकवून बाजूला पडा, मागे नको.

नैसर्गिक बर्फाचं मात्र वेगळं आहे आणि तिथे पेपरची जबाबदारी वाढते असं मला मनापासून वाटतं. बीजिंगमध्ये शिचाहाईचं तळं शहराच्या मधोमध गोठतं, तिथे खाली धातूच्या पट्ट्या लावलेल्या खुर्च्या मिळतात, ज्यांना स्केटिंग येत नाही ते वयस्कर लोकही त्यावर बसून बर्फावर फिरतात, फार छान सोय आहे ही. ओटावाचा रिडो कालवा तर ७.८ किलोमीटर, शहराच्या मधून स्केटिंग करत जायचं. पण २०२२-२३ च्या हिवाळ्यात थंडीच पुरेशी पडली नाही आणि तो कालवा स्केटिंगला सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच अख्खा सीझन बंद राहिला. कुठल्याही तळ्याचं किंवा कालव्याचं नाव छापताना, त्या दिवशी तिथल्या प्रशासनाने उघडलंय का ते बघूनच जा, ही ओळ ठळक अक्षरात हवी. माणसाने चालायला किमान दहा सेंटिमीटर जाड स्वच्छ पारदर्शक बर्फ लागतो, पांढरा, बर्फवृष्टीने तयार झालेला थर त्याच्या निम्माच मजबूत, आणि किनाऱ्यावरून बघून हे कळत नाही.

पुढच्या वेळी असा लेख करताना फोटो जरूर ठेवा, पण प्रत्येक जागेखाली चार गोष्टी द्या: रिंकचं माप, बर्फ खरा की प्लास्टिकचा, वर्षभर की सीझनपुरतं, आणि मोठ्या माणसांसाठी शिकवणीचा वर्ग आहे का. ही शेवटची माहिती शोधूनही सहज मिळत नाही. लहान मुलांचे वर्ग सगळीकडे असतात, पण चाळिशी-पन्नाशीतला माणूस कठडा धरून उभा राहतो आणि कोणाला विचारायचं ते त्याला कळत नाही. बऱ्याच इनडोअर रिंक्समध्ये प्रौढ नवशिक्यांसाठी वेगळा वर्ग असतो, तो दिवस आणि वेळ तुम्ही छापलीत तर माझ्या ओळखीतले तीन-चार जण तरी लगेच नाव नोंदवतील.

आपला,
एक नियमित वाचक