बाबांच्या कमरेच्या हाडाबद्दल

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल बाबा "मला पाठीच्या कण्यात सुई टोचून घ्यायची नाही" एवढंच म्हणाले आणि फोन आईकडे दिला. रात्री झोप लागली नाही. समोरासमोर तुम्ही मला पुरतं बोलू देणार नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, तुमची तपासणी हाडातल्या मज्जेची आहे, म्हणजे मगजाची. सुई कण्यात जाणारच नाही. कण्यातलं पाणी काढतात ती तपासणी वेगळी. तुमची सुई जाते कमरेच्या हाडात, मागच्या बाजूने. आई, बाबांच्या कमरेच्या खाली, मधोमध नाही, बाजूला जी खळगी असते तिथे बोट दाबून बघ. टणक उंचवटा लागतो ना, ती जागा. मज्जारज्जू त्याच्या बराच वर, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो.

रविवारी आई मटणातली नळी तुमच्या ताटात वाढते. हाडातला मगज म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तीच येते, आणि तो काढला तर पायातलं बळ जाईल असं वाटतं. पण माणसाच्या पायाच्या नळीत मोठेपणी बहुतेक पिवळी मज्जा असते, म्हणजे चरबी. रक्त बनवते ती लाल मज्जा. मी जन्मले तेव्हा ती माझ्या बोटांच्या हाडांतसुद्धा होती, कारण तान्ह्या बाळाची जवळपास सगळीच हाडं रक्त बनवतात. पुढे ती हातापायांच्या टोकांकडून ओसरत येते. पंचविशीपर्यंत उरते ती मुख्यतः कवटीत, मणक्यांत, छातीच्या हाडात, बरगड्यांत, खांद्याच्या फऱ्यांत, कमरेच्या हाडात आणि मांडी-दंडाच्या वरच्या टोकांशी. छातीचं हाड पातळ, मागे काळीज. कमरेचं हाड मात्र रुंद, जाड आणि कातडीच्या जवळ. म्हणून तिथे.

तुम्ही आयुष्यभर संस्कृत शिकवलंत, म्हणून हे खास तुमच्यासाठी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलंय की मोठ्या हाडांत मज्जा असते आणि इतर हाडांत 'सरक्त मेद'. रक्तासह मेद! मज्जेत रक्तपेशी तयार होतात हे अर्न्स्ट नॉयमान यांनी १८६८ साली दाखवलं. पण लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मला जे दिसतं, चरबीच्या गोल गोल पेशी आणि त्यांच्या मधल्या जागेत रक्तपेशींची दाटी, त्याला 'सरक्त मेद' याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

तुमचं हिमोग्लोबिन ७.२ आहे आणि प्लेटलेट्सही उतरल्यात. लोह, बी-१२, सगळं तपासून झालं. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे निरोगी माणसाच्या मज्जेला दर सेकंदाला साधारण २० लाख नव्या पेशी घालाव्या लागतात. दाणे घालूनही पीठ का पडत नाही, हे जात्यातच बघावं लागतं.

दुखणार नाही असं खोटं सांगणार नाही. जागा बधिर करतात, पण मज्जा ओढताना आतून एक कळ येते. ती काही क्षणांत जाते. काढतात ती थोडीशी मज्जा आणि काडीएवढा हाडाचा तुकडा. ती भरून येते. पाय तसेच चालतील.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगा. स्वतःहून बंद करू नका.

आई, बाबांना काय झालंय हे अजून कुणालाच ठाऊक नाही, म्हणून शेजारी कुणी काही सांगितलं तरी मनावर घेऊ नकोस. मी गुरुवारी रात्रीच्या गाडीने निघतेय. शुक्रवारी बाबांना नाडीचा सैल पायजमा घालायला दे. सुई काढल्यावर थोडा वेळ उताणं पडून राहावं लागेल, तेव्हा मी उशाशी बसेन.

तुमची,
ताई