केळुसकर गुरुजी, तो सत्कार तुम्ही घडवून आणलात म्हणून

आदरणीय कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींना,
सादर प्रणाम.

तुम्ही १९३४ साली गेलात, त्यामुळे हे पत्र टपालात टाकायची सोय नाही. म्हणून उघडच लिहितोय, ज्याला वाचायचं त्याने वाचावं. निमित्त आमच्या शाळेचं आहे. शाळा सरकारी, साधीच. माजी विद्यार्थी संघाने यंदा नामवंत माजी विद्यार्थ्यांचा आणि निवृत्त शिक्षकांचा सत्कार करायचं ठरवलं आणि नावं निवडायचं काम ज्या पाचसहा जणांच्या गळ्यात पडलं, त्यातला मी एक. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावांचा नुसता पाऊस. परदेशात स्थायिक झालेले, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, निवडणूक जिंकलेले. शाल कुणाच्या हस्ते, खुर्ची कितव्या रांगेत, स्मृतिचिन्हावर देणगीदाराचं नाव किती ठळक, यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा. या गदारोळात मला १९०७ सालचा मुंबईतला एक सत्कार सारखा आठवत राहिला. तुम्ही मध्ये पडला नसतात तर तो झालाच नसता.

एल्फिन्स्टन हायस्कूलचा एक विद्यार्थी मॅट्रिक झाला होता. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या कुठल्याही गुणगौरव समारंभात या गुणांवर त्याला मंचावर सोडा, प्रेक्षकांतल्या पहिल्या पाच रांगांतही कुणी बसवलं नसतं. पण अस्पृश्य मानलेल्या आपल्या महार समाजातून इथवर पोचलेला तो पहिलाच मुलगा, म्हणून समाजातल्या वडीलधाऱ्यांनी जाहीर सभा घेऊन त्याचं अभिनंदन करायचं ठरवलं. ते वडिलांची परवानगी मागायला गेले, तर सुभेदार रामजींनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल. परीक्षाच तर पास झालाय, आणखी काय केलंय, असं त्यांचं म्हणणं. ही हकीकत त्या मुलानेच, म्हणजे खुद्द बाबासाहेब आंबेडकरांनीच लिहून ठेवली आहे. फक्त त्यांनी ती इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरची म्हणून सांगितलीय, चरित्रकार मात्र तो सत्कार मॅट्रिकनंतरचा मानतात.

खरं सांगू का, मला सुभेदारांचं पटतं. माणूस लष्करातल्या शाळेत शिकवलेला, शिस्तीचा. मुलाने मध्यरात्रीनंतर उठून अभ्यास करावा म्हणून त्याला हाक मारायला स्वतः जागा राहणारा. परळच्या चाळीतली ती एकच खोली, त्यातच सगळा संसार. अशा बापाला हारतुऱ्यांची भीती वाटली तर नवल नाही. हल्ली परिस्थिती उलटी आहे. निकाल लागायच्या आधी वडीलच अभिनंदनाचा फ्लेक्स लावून मोकळे होतात.

मंडळी हिरमुसली, पण हटली नाहीत. ती तुमच्याकडे आली. तुम्ही रामजींचे स्नेही. तुम्ही जाऊन थोडी वादावादी केलीत आणि बापाचं मन वळवलंत. बाबासाहेबांनी हा वाद एका वाक्यात आटोपलाय, त्यामुळे तुम्ही काय युक्तिवाद केलात ते कुठे सापडत नाही. सापडला असता तर आमच्या बैठकीत वाचून दाखवला असता. मुलाने काय मिळवलं यापेक्षा त्याला पुढे काय करता येईल, हे तुम्हाला आधीच दिसलं होतं, एवढं मात्र नक्की. कारण तुम्ही त्याला त्या दिवशी पहिल्यांदा बघत नव्हतात.

तुमची आणि त्याची ओळख चर्नी रोडच्या बागेतली. शाळा सुटल्यावर एक मुलगा रोज तिथे येऊन वाचत बसतो, हे तुम्ही पाहिलंत. विल्सन हायस्कूलमधले तुम्ही शिक्षक. दिवसभर मुलांनी डोकं उठवल्यावर संध्याकाळी बागेत आणखी एका मुलाची चौकशी करायची हौस कुणाला असते? तुम्हाला होती. नाव विचारलंत, काय वाचतोस विचारलंत, आणि मग स्वतःजवळची पुस्तकं त्याला वाचायला देऊ लागलात.

या मुलाच्या स्वतःच्या शाळेत काय चाललं होतं तेही इथे सांगायला हवं. गणिताचं उदाहरण सोडवायला शिक्षकांनी त्याला फळ्यापाशी बोलावलं, तर वर्गात एकच गलका. फळ्यामागे मुलांचे डबे ठेवलेले. हा फळ्याजवळ गेला तर डबे बाटतील. त्याने खडू हातात घ्यायच्या आत पोरांनी धावत जाऊन डबे बाजूला फेकले. संस्कृत शिकायची त्याची फार इच्छा, तीही नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. सरकारी शाळा सगळ्यांसाठी खुली होती हे खरं. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. पण दार उघडं असणं निराळं आणि आत गेल्यावर कुणी आपलं म्हणणं निराळं. आपलं म्हणणारे तुम्ही भेटलात, ते शाळेबाहेर, बागेत.

सभा झाली. बाबासाहेबांच्या सांगण्यानुसार अध्यक्ष तुम्हीच होतात. भाषणाच्या शेवटी तुम्ही त्या मुलाच्या हातात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र ठेवलंत. १८९८ सालचं. हे मला फार आवडतं. पाहुण्याने स्वतःचं पुस्तक भेट देणं तसं धोक्याचंच असतं (आमच्याकडे असे पाहुणे प्रती घेऊनच येतात आणि मग त्या शाळेच्या कपाटात कायमच्या विश्रांती घेतात). पण तुम्ही दिलेलं पुस्तक वाचलं गेलं. मुलगा नुसता भारावून थांबला नाही, तो वडिलांशी भांडायला उभा राहिला. तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्धाचं वाङ्मय का नाही दिलंत? वडिलांनी कर्ण, द्रोण, वाल्मीकी यांचे दाखले दिले. लहान समजली गेलेली माणसं किती उंच गेली ते बघ, आपल्यासारख्यांच्या मनातला न्यूनगंड जावा म्हणून हे वाचायचं, असं त्यांचं उत्तर होतं. त्यात अर्थ होता, हे मुलालाही कळलं. पण समाधान झालं नाही. महाभारतातलं एकही पात्र आपल्याला आवडत नाही, असं त्याने वडिलांना तोंडावर सांगितलं. सत्काराला नको म्हणणाऱ्या रामजींना हा धोका आधीच दिसला होता की काय, असं कधीकधी वाटतं. पोराच्या डोक्यात हवा नाही गेली, पण प्रश्न शिरले.

तुमचे आभार मानायचं आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत मोठं. सत्कार करून तुम्ही घरी जाऊन बसला नाहीत.

मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजात गेला, इंटर झाला आणि वडिलांच्या पैशांची पार ओढाताण झाली. शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा पुन्हा तुम्हीच उठलात. लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी मदत करायची तयारी बडोद्याच्या महाराज सयाजीराव गायकवाडांनी मुंबईत बोलून दाखवली होती. मोठ्यांची अशी आश्वासनं सगळेच ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि विसरतात. तुम्ही ते शब्द लक्षात ठेवलेत आणि त्या तरुणाला घेऊन महाराजांपुढे उभे राहिलात. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरं त्यांना पटली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ मध्ये बी.ए., १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, १९१६ मध्ये लंडन. पुढचं सांगायला नको, ते सगळ्या देशाला माहीत आहे.

आमच्या यादीत सयाजीराव सहज बसतात. महाराज, दाते, उद्घाटक. त्यांना कुणीही बोलावेल. पण महाराजांच्या दारापर्यंत मुलाला नेणारा हायस्कूलचा मास्तर कुठल्या रकान्यात घालायचा? देणगीदार नाही, नामवंत माजी विद्यार्थी नाही, आणि तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर त्या शाळेचा शिक्षकसुद्धा नाही. तुम्ही विल्सनचे, मुलगा एल्फिन्स्टनचा. आमच्या समितीत एकाने नियमच सुचवला होता, की शाळेच्या हजेरीपटावर किमान दहा वर्षं नाव असलेल्या शिक्षकांचाच विचार करावा. त्या नियमात तुम्ही पहिल्याच फेरीत बाद. मी तुमचं उदाहरण दिलं. थोडा वेळ शांतता झाली आणि नियम मागे घेतला गेला. म्हणजे बघा, तुम्ही अजून लोकांची मनं वळवताच आहात.

अशी माणसं बाबासाहेबांना आणखीही भेटली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचं नाव दाखल झालं. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक मास्तर होते. मधल्या सुट्टीत ते आपल्या डब्यातली भाजीभाकरी या मुलाला देत. पुढे बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा या मास्तरांनी त्यांना पत्र पाठवलं आणि बाबासाहेबांनी ते जपून ठेवलं. कॉलेजात प्राध्यापक म्युलर होते, ते पुस्तकं देत, कपडेही देत. यातल्या कुणी कुठला गाजलेला धडा शिकवला, हे कुणाच्या लक्षात नाही. भाकरी लक्षात आहे. फळ्यापासून डबे हटवणारा वर्ग आणि डब्यातली भाकरी काढून देणारा मास्तर, दोन्ही याच आपल्या शाळांमधले.

तुमचे आभार बाबासाहेबांनीही मानले. १९५६ साली आपल्या बुद्धावरच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना त्यांनी ‘दादा केळुसकर’ म्हणून तुमची आठवण काढली आणि तुम्ही दिलेल्या पुस्तकाच्या मदतीने आपण बुद्धाकडे वळलो, हे स्पष्ट नोंदवलं. पण १९५७ साली ग्रंथ निघाला, त्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना आलीच नाही. पुष्कळ वर्षांनी ती लोकांपुढे आली. तोवर तुम्हीही नव्हतात आणि तेही नव्हते. शिवचरित्रकार म्हणून तुमचं नाव अभ्यासकांच्या तोंडी असतं, ते योग्यच आहे. बागेत मुलाची चौकशी करणारे शिक्षक म्हणून मात्र ते फार कमी वेळा निघतं.

तुमच्यामुळे आमच्या कार्यक्रमात काय फरक पडला तेवढं सांगून पत्र आवरतो. स्मृतिचिन्हं रद्द झाली. ज्यांचा सत्कार होईल, त्या प्रत्येकाने शाळेतल्या एका मुलाला किंवा मुलीला स्वतः वाचलेलं, आवडलेलं पुस्तक द्यायचं. स्वतः लिहिलेलंही चालेल, पण ते वाचनीय आहे याची खात्री दुसऱ्या कुणीतरी द्यायची. आणि त्या मुलाची पुढची प्रवेश फी, अर्ज, वसतिगृह, शिष्यवृत्तीची कागदपत्रं या खटपटीत दोन वर्षं लक्ष घालायचं. हे ऐकल्यावर यादीतल्या दोघा बड्या मंडळींना अचानक त्याच तारखेला दुसरीकडे कार्यक्रम निघाला. उरलेल्यांनी होकार दिलाय. शिक्षकांच्या यादीत ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाईंचं नाव पहिलं घातलंय. मुलांनी कितीही उशीर केला तरी त्या पुस्तकाचा दंड घेत नसत, उलट पुढचं पुस्तक हातात ठेवत. शाळेचे शिपाईही मंचावर असतील. फी न भरल्याने वर्गाबाहेर उभ्या राहिलेल्या मुलांना त्यांनी कार्यालयात नेऊन किती वेळा मुदत मिळवून दिली, ते आमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

मुलं निवडताना गुणपत्रिका बघायची नाही, असंही ठरलंय. वर्गशिक्षकांना एवढंच विचारलंय, की शाळा सुटल्यावर कोण वाचत बसतं. दोन नावं लगेच आली. त्यातल्या एका मुलीचे वडील सत्काराला नको म्हणताहेत. उद्या संध्याकाळी मी आणि मुख्याध्यापिका त्यांच्याकडे जाणार आहोत.

आपला नम्र,
एका सरकारी शाळेचा माजी विद्यार्थी