गळकं सिंक आणि पुरुषद्वेष

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

‘मिसेस’ हा पुरुषांविषयी मनात अढी धरून काढलेला सिनेमा आहे, असं तू लिहिलंस. नुसते वाभाडे काढलेत, एक बरा माणूस दाखवायलाही दिग्दर्शिकेचा हात धजावला नाही, वगैरे. असं म्हणणारा तू एकटा नाहीस. फेब्रुवारी २०२५मध्ये तो झी-५वर आला, तेव्हा सेव्ह इंडियन फॅमिली फाउंडेशन या पुरुषहक्कांसाठी भांडणाऱ्या संस्थेनंही त्याच्यावर जाहीर टीका केली होती. तुझ्या रागात थोडं तथ्य आहे, त्याकडे येतोच. पण आधी मूळ सिनेमा बघायला हवा, कारण अर्धं उत्तर तिथे आहे.

‘मिसेस’ म्हणजे जिओ बेबी या दिग्दर्शकाच्या ‘द ग्रेट इंडियन किचन’ची हिंदी आवृत्ती. मूळ मल्याळम, १५ जानेवारी २०२१ला नीस्ट्रीम या छोट्या केरळी ओटीटीवर आलेला. त्यात नवराबायकोला नावंच नाहीत. पार्श्वसंगीतही जवळजवळ नाही. ऐकू येतं ते चिरणं, फोडणी, खरकटं, नळ, झाडू. हिंदीत आरती कडवनं तिला रिचा आणि त्याला दिवाकर केलं, गाणी घातली. सांगाडा तोच: लग्न, सासू लेकीच्या बाळंतपणासाठी गेली, घर सुनेच्या गळ्यात, आणि स्वयंपाकघरात एक गळकं सिंक.

पुरुषद्वेषाचा मुद्दा मला त्या सिंकपाशीच निकालात निघतो असं वाटतं. घरातलं सिंक गळतं ते बहुतेक वेळा तीन-चार ठरावीक जागी. भांड्याच्या तळाशी जाळी बसते तिथलं कपलिंग सैल होतं, त्याखालचा रबरी वॉशर कडक होऊन चिरतो, पाइप जोडणारा नट ढिला पडतो, नाहीतर तूप-तेलाचा थर साचून पाणी तुंबतं आणि जोडातून बाहेर येतं. दुरुस्ती अशी: खाली बादली ठेवायची, नट हातानं सोडायचा, पाइप काढून बाटलीच्या ब्रशनं आतली चिकट घाण काढायची, जुना वॉशर खिशात घालून त्याच मापाचा नवा आणायचा, नीट बसवून नट हातानं आवळायचा. फार पिळला तर प्लास्टिकचे आटे जातात, तेवढं सांभाळायचं. तीन ग्लास पाणी ओतून खाली कोरडं फडकं फिरवायचं. दुकानाची फेरी धरून तासाभराचं काम. ते जमत नसेल तर प्लंबरला एक फोन. नवऱ्याला तो फोनच करायचा असतो. तो नाही म्हणत नाही. विसरतो. पुन्हा आठवण केली की पुन्हा विसरतो. खालचं पाणी टिपायला गोणपाट टाकायचं, ते पिळायचं, वास मारला की बदलायचं, हे सगळं तिच्याकडे.

आता सांग, यात द्वेष कुठे आहे? पुरुष वाईट असतात हेच ठसवायचं असतं तर नवऱ्याला दारू पाजली असती, दोन थपडा मारायला लावल्या असत्या, हुंड्याचं एखादं वाक्य टाकलं असतं. मग तू निवांत बघितला असतास. पडद्यावरच्या हरामखोराशी आपला काही संबंध नसतो, त्याला शिव्या घातल्या की आपण सज्जन. इथला नवरा हात उगारत नाही, आवाज फारसा चढवत नाही, माणसांत हसतमुख असतो. त्याच्या हातून घडतं ते एवढंच की फोन राहून जातो. ही वागणूक ओळखीची निघते, म्हणून ती झोंबते.

‘स्वयंपाकाला असा कितीसा वेळ लागतो?’ असंही तू विचारलंयस. तर फुलक्यांचा हिशेब कर. जेवणारे दोन पुरुष, प्रत्येकी चार फुलके. लाटणं, तव्यावर दोन्ही बाजू, मग आचेवर फुगवणं. एक तव्यावर असताना दुसरा लाटला तरी फुलक्यामागे मिनिट-दीड मिनिट जातंच. आठ फुलके म्हणजे बारा मिनिटांच्या आत-बाहेर. हे ऐकायला काहीच नाही. पण फुलका तव्यावरून थेट ताटात हवा असेल, तर ती बारा मिनिटं आधी उरकता येत नाहीत. जेवणारे जेवत असतानाच ती घालवावी लागतात. म्हणजे करणारी त्या पंगतीत कधीच बसणार नाही. ‘गरम हवा’ ही साधी आवड तिला रोज दोन वेळा टेबलावरून उठवते. चटणीचंही तसंच. मिक्सरला मिनिट लागतं, पाट्यावर पंधरा-वीस मिनिटं आणि वर पाटा-वरवंटा धुणं. सासऱ्यांना सिलबट्ट्याचीच चटणी लागते. मूळ सिनेमात भात कुकरचा चालत नाही, चुलीवरचा हवा. कपडे मशीनमध्ये नकोत, हातानं धुतलेले हवेत. मागणारा प्रत्येक वेळी मऊ आवाजात मागतो, कौतुकही करतो. यंत्रानं वाचवलेला वेळ मात्र तो चवीच्या नावानं परत घेतो. वाटलेल्या चटणीला चव जास्त असते हे मलाही मान्य. प्रश्न इतकाच की ती चव कुणाच्या खांद्यातून येते.

आकडे हवेत तर घे. केंद्राच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, ज्यांनी त्या दिवशी बिनपगारी घरकाम केलं अशा बायकांचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. २०२४च्या सर्वेक्षणात २८९ आणि ८८. नीट वाच, हे ‘ज्यांनी केलं’ त्यांचे आकडे आहेत. २०१९मध्ये असं काही काम करणारे पुरुष होते २६ टक्के. उरलेले या सरासरीत मोजलेच नाहीत. हेच २०१९चे आकडे सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातही आहेत. अपघातात गेलेल्या जोडप्याच्या भरपाईचा खटला, कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स, ५ जानेवारी २०२१. गृहिणीच्या कामाचं पैशात मोल धरायला हवं, हे न्या. रमण यांनी त्यात सविस्तर मांडलं. मल्याळम सिनेमा त्यानंतर दहाच दिवसांनी आला. निव्वळ योगायोग, पण न्यायालयाला कुणी पुरुषद्वेष्टं म्हटलेलं माझ्या वाचनात नाही.

कमावणाऱ्याच्या कष्टांचं काय, हाही तुझा रास्त सवाल. नवरा राबतो, हे सिनेमा नाकारत नाही. मूळ सिनेमातला नवरा शाळेत समाजशास्त्र शिकवतो, वर्गात कुटुंबसंस्थेचा धडा घेतो (हा चिमटा मला जरा जास्तच ठरवून काढल्यासारखा वाटला). पण त्याच्या कामाला घंटा आहे, रविवार आहे, पुढे निवृत्ती आहे. सासरे घरी पेपर वाचत बसलेत. सासूला मात्र निवृत्ती नाही, तिची टूथब्रश हातात नेऊन देण्याची ड्यूटी चालूच. हिंदीतली सासू अर्थशास्त्रात पीएचडी आहे आणि सासरे ते अभिमानानं सांगतात.

आता तुझं जे बरोबर आहे ते. मूळ सिनेमात नवरा-सासऱ्याखेरीज तिसरा खांब होता, धर्माचा. नवरा शबरीमलाचं व्रत धरतो, पाळीच्या दिवसांत तिला वेगळं बसवतात, आणि ते नियम काटेकोर पाळून घेते ती घरात आलेली एक आत्या. शबरीमलाच्या मंदिरात सर्व वयाच्या बायकांना प्रवेश देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २८ सप्टेंबर २०१८चा, चार विरुद्ध एक. प्रवेशाच्या बाजूचे चौघे पुरुष, विरोधी मत देणाऱ्या न्या. इंदू मल्होत्रा खंडपीठातल्या एकमेव बाई. म्हणजे प्रत्यक्षातही ही ‘बाया विरुद्ध बाप्ये’ अशी सरळ रेघ नव्हती आणि त्या सिनेमालाही ते ठाऊक होतं. हिंदीत शबरीमला गेलं. त्यामुळे व्यवस्थेचं सगळं ओझं सासरा आणि नवरा या दोन माणसांवर येऊन पडलं, आणि जे रीतीचं होतं ते स्वभावाचं दिसायला लागलं. भरीला दिवाकर स्त्रीरोगतज्ज्ञ. रोज बायकांची दुखणी ऐकणारा माणूस घरात बायकोचं दुखणं ऐकत नाही, हा विरोधाभास टाळ्या घेणारा आहे. पण त्यानं तो ‘कुणीही नवरा’ राहत नाही, ‘असला नवरा’ होतो. आपण याच्यासारखे नाही, असं म्हणत प्रेक्षक इथे सुटतो. माझ्या मते ‘मिसेस’ची चूक ही आहे: पुरुषांवर तो जास्त कठोर नाही, कुठे कुठे तो त्यांना फार सोपी पळवाट देतो.

या बाबतीत मराठीत चाळीसेक वर्षांपूर्वी जास्त नेमकं काम झालंय. जब्बार पटेलांच्या १९८२च्या ‘उंबरठा’ सिनेमातला नवरा, सुभाष, आठवून बघ. गिरीश कर्नाडांनी त्याला किती सभ्य ठेवलाय! बायको महिलाश्रमाच्या नोकरीसाठी दूर गेली, परतली, तेव्हा तो आपल्या आयुष्यातल्या दुसऱ्या बाईबद्दल तिला शांतपणे सांगतो. आरडाओरडा नाही. स्मिता पाटील घर सोडते तेव्हा प्रेक्षकाला सुभाषचा राग धड करता येत नाही आणि त्याची बाजूही घेता येत नाही. दिवाकरला असा एक प्रसंग मिळायला हवा होता.

आणि पुरुषांवरचा खरा संताप कसा असतो ते पाहायचं असेल तर ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ काढ, १८८२चं. सुरतेच्या एका विधवेला शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर झोड उठली, तेव्हा बाईंनी पुरुषांचा एकेक दुर्गुण घेऊन पानंच्या पानं सोलून काढलीत. त्यापुढे ‘मिसेस’ म्हणजे गोडाचा शिरा. त्या पुस्तकावर लोक तुटून पडले तेव्हा आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्याची बाजू घेऊन लिहिलं ते जोतिराव फुल्यांनी.

सिनेमा पुन्हा बघणार असशील तर असं कर. आधी मल्याळम, सबटायटल लावून, मग हिंदी. मधली कुठलीही वीस मिनिटं निवड आणि कागदावर दोन गोष्टींच्या रेघा ओढ: पुरुष बसल्या जागेवरून काही मागतो तेव्हा एक, आणि तो स्वतः उठून काही आणतो किंवा ठेवतो तेव्हा दुसरी. संवादांकडे लक्ष देऊ नकोस, ते दिशाभूल करतात, कारण सगळे गोडच बोलतात. मग जिथे बाई बाईवर नियम लादते ते प्रसंग वेगळे लिही: आत्या, ‘जरा जमवून घे’ म्हणणारी आई. आणखी एक चूक सगळ्यांची होते, ती टाळ. हॉटेलातला प्रसंग बघताना नवरा वाईट आहे का, हे ठरवत बसू नकोस. घरी तो शेवग्याच्या शेंगांचा चोथा टेबलावरच टाकतो, हॉटेलात ताटलीत ठेवतो. ती थट्टेनं म्हणते, तुला रीत माहीत आहे तर. त्याचा पारा चढतो, तिला माफी मागावी लागते, आणि माफी मिळाल्यावर तो पुन्हा प्रसन्न. शिस्त त्याला येते. घरात ती लागत नाही असं त्याला वाटतं, एवढंच तिथे बघायचं. स्वभाव असता तर हॉटेलातही तो तसाच वागला असता.

शेवटाकडे ती माहेरी येते तो प्रसंग मल्याळममध्ये दोनदा बघ. भाऊ बाहेरून येतो, पाणी मागतो, धाकटी बहीण उठायला लागते. ती बहिणीला खाली बसवते आणि भावावर ओरडते, तुला स्वतःचं पाणी घेता येत नाही का? अख्ख्या सिनेमात तिनं पुरुषाकडे ओरडून केलेली मागणी मला तरी एवढीच सापडली. त्यानंतर नवऱ्याची दुसरी बायको दिसते, तेच घर, उष्टा कप तसाच टेबलावर. दिग्दर्शक त्याला शिक्षा देत नाही, त्याचं काही बिघडत नाही. सूड उगवायचा असता तर ही जागा कुणी सोडली नसती.

दिवाकरबद्दल तुला अजून वेगळं वाटत असेल तर एक प्रसंग निवडून लिही, ज्यात त्याच्यावर अन्याय झालाय आणि रिचावर नाही. मला एकच सुचतोय, तोही धड नाही. तुझा आला की मग माझा सांगतो.

तुझा,
मिलिंद