आजी, तुमचा तो अधांतरी चमचा

आजी,

कझानच्या हॉस्टेलच्या दारातलं तुमचं टेबल, मागे किल्ल्यांचा फळा, कोपऱ्यात किटली. पहिल्या हिवाळ्यात मी रोज रात्री तिथे येऊन बसायचो, कारण खोलीतल्या भिंतीवर रशियन विभक्तींचा तक्ता होता आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. सहा विभक्ती, तीन लिंगं, वर अनेकवचन. निघण्याआधी पुण्यात ज्या सरांकडे फी भरली, त्यांचं एकच पालुपद: "पाठ करा." शब्दाचं शेपूट का बदलतं असं विचारलं, तर वर्ग हसला. सरही हसले. ते हसू कानात घेऊनच मी रशियात उतरलो होतो.

तुम्ही चहा विचारलात. मला बिनगोड हवा होता. मी म्हणालो, "चाय बिस साखर." (साखरेला तुम्हीही साखरच म्हणता! आपल्याकडचाच जुना शब्द ग्रीकमार्गे तिकडे पोहोचलेला.) तुम्ही चूक म्हणाला नाहीत. भरलेला चमचा कपावर तसाच धरून थांबलात. मागे दोन मुलं किल्लीसाठी ताटकळत होती. त्यांनाही नजरेनेच थांबवलंत. शेवटी मी पुटपुटलो, "...साखरा?" आणि चमचा डब्यात परत गेला.

मग विचारलंत, तुमच्याकडे कसं म्हणतात? साखरेशिवाय, मी म्हटलं. ते दोनदा म्हणायला लावलंत. "साखर, साखरे... अरे, मग तुझंही शेपूट बदलतंच की!" कप हातात धरून मी नुसता बघत राहिलो. बोलायला लागल्यापासून सामान्यरूपं करत आलो होतो, आणि शिकलेल्या सरांना हे एकदाही सुचलं नव्हतं.

त्यानंतर सगळं व्याकरण त्या डब्यातूनच आलं. साखर घातलेला चहा 'स साखरम'. दोन चमचे 'द्वे लोश्की', पण पाच झाले की 'लोझिक'. नुसतं 'लोझिक' म्हणता यावं म्हणून एकदा पाच चमचे मागितले, आणि तुम्ही खरंच घातलेत. प्यावा लागला.

अडखळणाऱ्या माणसासाठी हात हवेत धरून थांबायला पदवी लागत नाही, आजी. फी घेणाऱ्यांना मात्र ते परवडत नाही.

या पत्राची रशियन प्रत टपालाने येतेय. पाकिटावर 'कमू', म्हणजे 'कोणाला', असं छापलेलं असतं. तिथे चतुर्थी लागते. तुमच्या नावातल्या आणि पितृनामातल्या शेवटच्या 'आ'चा 'ए' केलाय. तक्ता न बघता.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा