फोन मोजून ॲपचे पैसे येत नाहीत

संपादक महोदय, स.न.वि.वि.

ॲप बनवणाऱ्याने कुठला प्लॅटफॉर्म घ्यावा, अँड्रॉइड की आयफोन, यावर तुमच्या पुरवणीत लेख आला होता, चांगला लिहिलाय, पण सगळा भर एकाच गोष्टीवर, की जगात दहातले सातएक फोन अँड्रॉइडचे आहेत म्हणजे कमाई तिकडेच. मी आणि माझा पार्टनर औषधाच्या वेळांची आठवण करून देणारं एक छोटं ॲप चालवतो, दोन्हीकडे आहे, आणि आमचा अनुभव बरोब्बर उलटा आहे. डाउनलोड अँड्रॉइडवर कितीतरी जास्त, पण सबस्क्रिप्शन घेणारे बहुतेक आयफोनवाले. आणि हे काही आमचंच नशीब नाही, जगभर अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरवर डाउनलोड जास्त होतात आणि खर्च आयफोनच्या ॲप स्टोअरवर जास्त होतो, हे या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

आता स्टोअरवर ॲप ठेवायच्या फीचं बघा. ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर, गुगलला एकदाच २५, लोक इथेच अडकतात. पण आयफोनचं ॲप बनवायला ॲपलचा मॅक कॉम्प्युटर लागतो तो खर्च कोणी धरत नाही, आणि तिकडे गुगलवर नवीन पर्सनल अकाउंट काढलं तर आधी ॲप वापरून बघणारे १२ टेस्टर सलग १४ दिवस जमवून दाखवावे लागतात, त्यात मित्र नातेवाईक सगळे कामाला लागतात. कमाईतून स्टोअर कापतं त्या कमिशनचं म्हणाल तर पूर्वी दोन्हीकडे ३० टक्के होतं, २०२१ पासून वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमवणाऱ्यांना दोन्हीकडे १५ टक्क्यांची सोय आहे, म्हणजे आमच्यासारख्यांना तिथे फरकच नाही.

फरक पडतो तो आमचा वेळ कुठे किती जातो त्यात. आमच्या ॲपला एकच काम, रात्री नऊला वाजायचं. काही अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालू असलेलं ॲप परस्पर बंद करून टाकतात, मग अलार्म वाजत नाही, सकाळी एक स्टार, खाली लिहिलेलं, काल गोळी राहिली तुमच्यामुळे. बरं ते सेटिंग प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये वेगळ्या मेनूत लपलेलं, आमच्या ड्रॉवरमध्ये सहा जुने फोन पडलेत निव्वळ ते शोधायला. आयफोन पण काही साधा नाही हां, तो एका ॲपच्या पुढच्या ६४ नोटिफिकेशनच लक्षात ठेवतो, म्हणजे दिवसाला चार गोळ्या आणि वेळा रोज बदलणाऱ्या असल्या तर १६ दिवसांत संपलं, माणसाने मध्ये ॲप उघडलं पाहिजे. पण ते एकदा कळलं की कळलं, सगळ्या आयफोनवर सारखंच. फ्लटर नावाचं ॲप बनवायचं साधन घ्या, एकदाच लिहा दोन्हीकडे चालवा, असं जे सांगतात ते कोडपुरतं खरं आहे, रात्री येणारे तक्रारींचे मेल दोन्हीकडचे वेगळेच येतात.

याचा अर्थ सगळ्यांनी आयफोनच धरावा असं मी म्हणत नाही. तुमचं ॲप फुकट आणि कमाई जाहिरातीवर असेल, म्हणजे लोक दिवसातून दहादा उघडतील असा गेम वगैरे, तर डोकी लागतात आणि डोकी अँड्रॉइडवर. त्यात २०२१ च्या एप्रिलमध्ये आयओएस १४.५ (आयफोनच्या सिस्टिमचं व्हर्जन) आल्यापासून, ट्रॅक करू बघणाऱ्या, म्हणजे इतर ॲप आणि वेबसाइटवरही तुमचा माग ठेवणाऱ्या, प्रत्येक ॲपसाठी आयफोन एकदा विचारतो की याला ट्रॅक करू द्यायचं का, आणि बरेच जण सरळ नाही म्हणतात, त्याने तिकडच्या जाहिरातीचं गणित बिघडलं.

लेखात शेवटी गर्दी कमी असलेला तिसरा प्लॅटफॉर्म बघा असंही सुचवलंय, तिथे हसूच आलं. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनच्या वेळीही हेच सांगायचे. २०१० ला आला, २०१२ ला आठ नंबरचं व्हर्जन आलं ते आधीच्या फोनवर चालेना, आणि २०२० उजाडेपर्यंत सपोर्टच बंद. गर्दी नव्हती हे मात्र खरं.

पुढच्या वेळी असा लेख छापताना डाउनलोडच्या शेजारी एक रकाना पैसे भरणाऱ्यांचाही टाका एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक आणि ॲप डेव्हलपर