आजीच्या पेटीतला तोरा

शालोम हझानकाका,

आजीच्या पेटीतला तो वीतभरही नसलेला सेफेर तोरा, म्हणजे आपल्या ज्यू धर्मग्रंथाची गुंडाळी, घेऊन मी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनागृहात, आलो, तेव्हा खरं तर तोरा मिरवतच आलो होतो. लाकडी दांड्या, निळी मखमल, आत दाट हिब्रू. दोनशे वर्षांपूर्वीचा, हाताने लिहिलेला, अशी घरात सगळ्यांची खात्री.

तुम्ही तिथले हझान, प्रार्थना चालवणारे; चष्मा कपाळावर सरकवलात, कड चिमटीत धरून पाहिलीत. "बाळा, कागद आहे. छापील."

माझा उतरलेला चेहरा पाहून तुम्ही मला तेबाशेजारी, वाचनाच्या मंचाजवळ, बसवलंत, त्याबद्दल हे पत्र. वाचनाचा सेफेर कोशर, म्हणजे धर्माने खायला चालणाऱ्या, जनावराच्या कातड्यावरच लिहायचा. 3,04,805 अक्षरं, एक जरी तुटलं, तरी ते दुरुस्त होईपर्यंत त्यातून वाचायचं नाही. सेफेर तळहाताएवढा केला म्हणून अक्षरं कमी होत नाहीत; सोफेरचे, ते लिहिणाऱ्याचे, डोळे तेवढे जातात! आजीचा मात्र मुलांसाठीचा, सिमखाथ तोराला, तोरावाचनाचं वर्ष पुरं होतं त्या सणाला, मोठ्यांबरोबर फेऱ्यांत मिरवायचा. आणि मखमली झगा युरोपकडची रीत, आपले सेफेर डब्यात उभे राहतात, हेही तुम्हीच दाखवलंत. म्हणजे इस्रायलहून कुणी नातेवाइकाने आणला असणार.

मग तुम्ही बर्गन-बेल्सनची गोष्ट सांगितलीत. 1944 साली त्या नाझी छळछावणीत रब्बी, म्हणजे धर्मगुरू, सिमोन दासबर्ग यांनी योआखिम योसेफ या तेरा वर्षांच्या मुलाचं बार मित्झ्वा, म्हणजे वयात येण्याचा धर्मविधी, लपूनछपून केलं, आपला छोटा सेफेर त्याच्या हाती दिला आणि सांगितलं, यातून जगलास तर हे लोकांना सांग. रब्बी जगले नाहीत. मुलगा पुढे शास्त्रज्ञ झाला, आणि 2003 साली इस्रायली अंतराळवीर इलान रामोन यांनी तोच सेफेर कोलंबिया यानातून अवकाशात नेला. 1 फेब्रुवारीला यानासोबत तोही गेला. कल्पना चावलांचं यान म्हणून ते मला शाळेपासून पाठ होतं. त्यात एक तोरा होता, हे मात्र तुमच्याकडून कळलं.

निघताना तुम्ही बजावलंत, कागदाचा असला तरी आत देवाचं नाव आहे. फाटला तर टाकू नकोस, माझ्याकडे आण, गेनिझात, जीर्ण पोथ्या जपायच्या जागी, ठेवू.

काका, अजून फाटलेला नाही. यंदा सिमखाथ तोराला माझ्या चार वर्षांच्या लेकीने तो छातीशी धरून सहा फेऱ्या पुऱ्या केल्या. सातवीला ती माझ्या खांद्यावर झोपली होती, सेफेर तुमच्या हातात होता.

तुमचा,
पेटीवाला