भिंतीवरची नोटीस

विक्रोळी,
१२ जून

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. आईचे गुडघे आहेत तसेच. आपल्या चाळीमागची संरक्षक भिंत मध्यभागी पुढे फुगली आहे. पाणी जाण्याची तिची भोके मातीने बुजल्यामुळे पाऊस थांबल्यावरही सांध्यांतून गढूळ पाणी झिरपत राहते. काल तिच्यावर घरे रिकामी करण्याची नोटीस लागली. जायचे कुठे, हे तीत लिहिलेले नाही.

शेवंतामावशींना मी लेकीकडे जाण्याचा आग्रह केला, तेव्हा त्यांनी माळ्यावरून फोटोपास (झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र) आणि जुन्या वीजबिलांची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा असेल तर झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घर मिळते. पण सर्वेक्षणाच्या दिवशी दाराला कुलूप दिसले तर तो हक्क कोण मानणार, हा त्यांचा प्रश्न. भाड्याने राहायचे तर डिपॉझिट कुठून आणायचे? आणि त्यांची धुण्याभांड्याची सगळी कामे इथून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत.

२००० च्या जुलैत घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठाहून अधिक माणसे गेली, तेव्हा 'कष्ट करणारा इथून बाहेर पडतोच' असे तू म्हणालास आणि आपला अबोला झाला. ते भांडण मी अजून सोडलेले नाही. (कॅरमची राणी तू खिशात घातलीस, तेही नाही!) तुम्ही बाहेर पडलात, कारण दादांना कायम नोकरी आणि क्वार्टर मिळाले. मावशींचे कष्ट दादांपेक्षा कमी नव्हते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हाल साऱ्या उपनगरांचे झाले, पण दरडीखाली गाडली गेली ती साकीनाक्याच्या उतारावरची घरे. मालाडच्या पिंपरीपाड्यात २०१९ मध्ये आणि माहुलच्या भारतनगरात २०२१ मध्ये भिंती कोसळल्या त्याही वस्तीवरच, रात्री, माणसे झोपेत असताना. परवडणारी जागा टेकडीच्या कडेलाच उरते, म्हणून पायथा कापून घर बांधावे लागते. अशा मृत्यूंना नैसर्गिक आपत्ती म्हणणे मला मान्य नाही.

वहिनींची बदली झाली का? चिन्मयला दहावीच्या निकालाबद्दल शाबासकी सांग.

येत्या रविवारी ये, भिंत स्वतः पाहा आणि आमच्या अर्जातला तांत्रिक भाग लिहून दे: भोके मोकळी करणे, वरून येणारे पाणी वळवणे. पावसाळाभर शाळेत राहण्याची सोय आणि त्या काळात खोलीवरचा हक्क जाणार नाही अशी लेखी हमी, ही मागणी मी लिहितो. तेवढा कागद हाती आला तर त्याच दिवशी निघते, असे मावशींनी मला सांगितले आहे.

तुझा,
सुधीर